सुमावलीच्या पुढे गाडी जात नाही

हजीरा, ग्वाल्हेर
१२ ऑगस्ट २०२५

केदार,

आधी आशीर्वाद घे. ते रागावर अवलंबून नसतात.

फोनवर तू "हं" आणि "ठीक" यांच्यापुढे जात नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. कागदावर निदान तुझं "हं" ऐकू येत नाही. काम एकच आहे. सुमावली–जौरा सेक्शनचा पितळी गोळा तुझ्याकडे आहे. २०१९च्या भाऊबीजेला तू तो खिशात घालून भोपाळला निघून गेलास, त्याला आता सहा वर्षं होतील. तो कुरियरने पाठवून दे. सुपारीएवढी वस्तू आहे, जड नाही.

नियम विसरला असशील म्हणून लिहिते. शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं, पुन्हा सांगायचा मला कंटाळा नाही. आपली टेबलावरची लाईन एकेरी. सुमावली बाहेरच्या खोलीत, जौरा आतल्या खोलीत, आणि मधल्या भिंतीला नानांनी पाडलेलं भोक. इकडचा माणूस तिकडची गाडी बघू शकत नाही. म्हणून या सेक्शनला एकच गोळा. गोळा ज्याच्या खिशात, त्याचीच गाडी भिंतीतून जाणार. दोन घंट्या म्हणजे "लाईन मोकळी आहे का?" समोरच्याने दोन घंट्या परत दिल्या म्हणजे "आहे, ये." तीन घंट्या म्हणजे "निघालो." गाडी पोहोचली की घेणाऱ्याने चार घंट्या द्यायच्या. मग गाडी आणणाऱ्याने उठून पलीकडे जायचं आणि गोळा समोरच्याच्या हातावर ठेवायचा. खऱ्या लाईनीवर काय पद्धत होती ते गार्ड असलेल्या नानांनाच ठाऊक. आपल्या टेबलावर ही होती.

तर गोळा नाही, म्हणून सहा वर्षं माझी गाडी ग्वाल्हेरहून निघते, घोसीपुरा, मोतीझील, बामौर करत सुमावलीला येते आणि तिथूनच परत फिरते. भोकासमोर लाल पाटी लावली आहे. पलीकडे जौऱ्याला तुझी दुसरी गाडी उभी आहे तशीच आहे. दर रविवारी मी मऊ ब्रशने तिची धूळ झाडते, जागची हलवत नाही. तिच्या छतावर बसलेले अकरा प्रवासी सहा वर्षांपासून जौऱ्यालाच आहेत. एकाच्या हातात दुधाची केटली आहे. त्या दुधाचं काय झालं असेल ते तूच विचार कर.

खालच्या मजल्यावरच्या मंदाताई म्हणतात, "अगं सुधा, इतकी जिद्द कशाला? पाटणकर बाजारात कोणीपण दुसरा गोळा बनवून देईल." त्यांना वाटतं मी हट्टी आहे. आहेच. पण एका सेक्शनला दोन गोळे म्हणजे टक्करीला निमंत्रण, एवढं त्यांना कोण समजावणार?

पत्ता तोच आहे. गोळा पाठव.

ताई

७ सप्टेंबर २०२५

केदार,

गोळा आला नाही. पत्र पोहोचलं हे मला ठाऊक आहे, कारण स्पीडपोस्टने पाठवलं होतं आणि पोचपावतीवर तुझी सही आहे. "के" अजून तसाच काढतोस, पाय मोडलेला.

आज गोळ्याबद्दल लिहिणार नाही. इकडची खबर देते. तुला नको असली तरी वाच.

मोतीझीलच्या मागे मी जंगल केलं. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या उलट्या रोवल्या, त्यावर पातळ फेविकॉल मारला आणि वाळवलेला चहाचा चोथा भुरभुरला. इथल्या उन्हाळ्यात झाडं जशी दिसतात, अर्धी जिवंत आणि अर्धी रागावलेली, अगदी तशी झाली. खडी मात्र चार वेळा करावी लागली. आधीची फार पांढरी दिसत होती. शेवटी फूलबागेच्या बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, तिथून रुमालभर कच उचलून आणली आणि चहाच्या गाळणीतून चाळली. मुकादम विचारत होता, "माताजी, इसका क्या करेंगी?" मी म्हटलं, "रेल लाइन बिछानी है।" तो हसला नाही. माझ्या वयाला बायका काहीही बोलतात असं त्याला वाटलं असावं.

पण केदार, ती खडी चमच्याने दोन रुळांमध्ये घालताना, ब्रशने सारखी करताना आणि मग ड्रॉपरने एकेक थेंब डिंकाचं पाणी सोडताना सकाळ कशी जाते ते कळत नाही. एक फूट लाईनीला तीन दिवस लागतात. नऊ मिलीमीटरच्या रुळांवर सगळं जग इतकं लहान होतं की माझा स्वभावसुद्धा त्यात मावतो. शाळेत मुली मला घाबरायच्या. या टेबलाशी मी कुणावर ओरडत नाही. मंदाताई एकदा म्हणाल्या, "इथे बसली की तू किती चांगली वाटतेस गं." त्यांनी कौतुक केलं की टोमणा मारला, मी विचारलं नाही.

खरी लाईन आता नाही. २०२०च्या मार्चमध्ये गाडी थांबली ती थांबलीच, नंतर रूळ उचलले. जौऱ्याला आता मोठी गाडी जाते, वेगाने आणि वेळेवर. चांगलंच आहे, लोकांची सोय झाली. पण छतावर बसून, उतरून लघवीला जाऊन, पळत येऊन पुन्हा चढता येईल अशी गाडी आता फक्त माझ्या घरात उरली आहे. आणि तीही सुमावलीपर्यंतच.

तुझ्यावर ढकलत नाही. म्हणजे ढकलतेच आहे. त्या दिवशी तू जौऱ्याहून गाडी सोडायची घाई केली नसतीस, तर दोन गाड्या समोरासमोर भिडल्या नसत्या आणि नानांचं इंजिन पुलावरून खाली पडलं नसतं. आठ महिने कानशीने घासून, आजोबांच्या पानदानाच्या पितळेचं केलेलं इंजिन! त्याचं चाकांचं यंत्र तू पहिल्या पगारातून परदेशाहून मागवलं होतंस. तू असा निष्काळजी कसा झालास?

गोळा पाठव.

ताई

२८ सप्टेंबर २०२५

केदार,

मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद फाडून टाक. का ते लिहिते.

नानांचं इंजिन मी दुरुस्त करायला घेतलं आहे. सहा वर्षं जुन्या मऊ धोतरात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. धुराडं वाकलं होतं, पुढचा बफर निखळला होता आणि आतली एक तार तुटली होती. तारांना डाख देणं, म्हणजे सोल्डरिंग, हे कायम तुझं काम, मला त्यातलं काही येत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. पाटणकर बाजारात बारीक तार घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "बहनजी, इतना महीन काम अब कौन करता है?" मी म्हटलं, "मेरा भाई करता था।" मग स्वतःचाच राग आला. "था" का म्हटलं?

तार जोडायला टेबलाखाली शिरले. तिथे मी कधी जात नाही, वरचं सगळं माझं आणि खालचं सगळं तुझं. पाठीवर पडून टॉर्च लावली. प्रत्येक तारेला तू कागदाची चिठ्ठी बांधली आहेस. लाल, ग्वाल्हेर यार्ड. निळी, बामौर. एका पिवळ्या तारेवर लिहिलंय, "ताईने ही ओढू नये, ओढणारच आहे." खाली पडल्या पडल्या हसले आणि मग बराच वेळ तशीच पडून राहिले. मंदाताईंनी खालून हाका मारल्या तेव्हा उठले.

आता खरं लिहिते. नोंदवही माझ्याकडे आहे. तू कधी विचारली नाहीस, मी कधी काढली नाही. २९ ऑक्टोबर २०१९चं पान माझ्याच अक्षरात आहे. ११.५२, जौऱ्याहून दोन घंट्या, परत दिल्या. ११.५५, जौऱ्याहून तीन घंट्या. पुढे रेघ. म्हणजे तू विचारलंस, मी होकार दिला, तू निघालास. तेवढ्यात मंदाताई चकल्यांचा डबा घेऊन आल्या, म्हणून मी दाराशी गेले, दोन शब्द बोलले, परत येऊन बसले, कमरेचा बटवा चाचपला आणि माझी मालगाडी सोडून दिली.

बटवा का चाचपला? गोळा आहे ना ते बघायला. आणि होता! गोल, टणक, सुपारीएवढा. केदार, ती सुपारी होती. संध्याकाळी तुला ओवाळायचं होतं. अंगठी आणि सुपारी सकाळीच बटव्यात टाकली होती, नाहीतर ऐनवेळी शोधत बसावं लागतं. अंगठी बटव्याच्या दुमडीत गेली आणि हाताला सुपारी लागली. मी भाऊबीजेच्या सुपारीवर मालगाडी सोडली.

तू भिंतीपलीकडून आलास. हात पुढे केलास. तळहातावर गोळा होता. मी तो पाहिला. आजवर मंदाताईंनाही मी सांगितलं नाही की मी तो पाहिला होता. तुझ्याकडे गोळा होता, म्हणजे लाईन तुझी होती, म्हणजे चूक माझी होती. तीन ओळींची सिद्धता आहे, आठवीच्या मुलीला येईल. मी त्याच संध्याकाळी नोंदवही वाचली, सुपारी पाहिली आणि वही कपाटात तळाशी ठेवली.

सहा वर्षं मी "गोळा घेऊन गेला" म्हणून तुझ्या नावाने ओरडते आहे. तो तुझ्या खिशात होता हाच तर तुझा पुरावा होता.

इंजिन ग्वाल्हेर ते सुमावली जातं. उजव्या बाजूने जरा लंगडतं. माझा अंगठा भाजला आहे, म्हणून अक्षर असं आलं.

ताई

११ ऑक्टोबर २०२५

केदार,

काल रुचिकाचा फोन आला होता. तुला सांगितलं नसेल, तिला रागावू नकोस. म्हणाली, "आत्या, तुझी चिठ्ठी आली की बाबा बाल्कनीत जाऊन पढतात, आणि मग एकदम चुप. मम्मीपण काही विचारत नाही." मग म्हणाली, "त्यांच्या ऑफिसबॅगेत एक पितळेची गोली आहे ना, ती मी एकदा खेळायला घेतली तर इतके भडकले, मला लगा काय झालं!" मी विचारलं, अजून बॅगेतच आहे का? "हां, रोज़ घेऊन जातात. चष्म्याच्या खोक्यात."

मला वाटलं होतं तू तो कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये टाकून विसरला असशील. विसरला असतास तर मला सोपं गेलं असतं.

आता त्या दिवसाची उरलेली गोष्ट. इंजिन पडलं, तू हात पुढे केलास, मी गोळा पाहिला. तेव्हा मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "तुला आयुष्यात एकदा तरी वेळ पाळता आली आहे का? आईच्या वेळेलासुद्धा तू उशिराच आलास." तू गोळा खिशात टाकलास, बॅग उचललीस आणि जिना उतरलास. ओवाळणीचं तबक तसंच राहिलं.

इंजिनाची चूक माझी होती, हे मागच्या पत्रात लिहिलं. ते लिहायला मला सहा वर्षं लागली. हे पुढचं लिहायला आठ लागली आहेत.

२०१७च्या जानेवारीत आई दवाखान्यात होती. गुरुवारी दुपारी तुझा फोन आला, "ताई, निघू का?" मी म्हटलं, "धावत यायची गरज नाही, रविवारी ये, डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे." तू शनिवारी संध्याकाळीच निघालास. आई शनिवारी दुपारीच गेली होती.

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. गुरुवारी सकाळी ते व्हरांड्यात मला म्हणाले होते, "बहनजी, जिसको बुलाना हो, आज बुला लीजिए।" मी ते नीट ऐकलं होतं. माझी गल्लत झाली नव्हती, तिथे बटव्यात सुपारी नव्हती.

का केलं ते सांगते, माफीसाठी नाही. अकरा वर्षं मी आईचं सगळं केलं. तिला उचललं, न्हाऊ घातलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. आणि शेवटच्या आठवड्यात ती डोळे उघडून एकच विचारायची, "केदार आला का?" मी समोर बसलेली असायचे. मला वाटलं, दोन दिवस, फक्त दोन दिवस ही माझी असू दे. तू आलास की ती तुझी होणार. मला वाटलं दोन दिवसांत ती एकदा तरी "सुधा" म्हणेल. म्हणाली नाही. शनिवारी सकाळीसुद्धा तुझंच नाव घेतलं.

तू मला विचारलं होतंस, लाईन मोकळी आहे का. मी खोटं उत्तर दिलं आणि मग तू उशिरा आलास म्हणून तुलाच बोल लावला. तू त्या वाक्यावर सहा वर्षं घरात कुढतो आहेस, मला ठाऊक आहे, तू तसाच आहेस. ते ओझं तुझं नाही, केदार. तू वेळेवर विचारलं होतंस.

हे वाचून तू कायमचा तुटलास तर मी समजेन. तुला लाईन बंद ठेवायचा पूर्ण हक्क आहे आणि या वेळी लाल पाटी तू लावायची.

एक गोष्ट मात्र राहिली. मी दोन पत्रांत गोळा कुरियरने मागितला, ते चुकलं. गोळा टपालाने येत नसतो, कुणाच्या हाती पाठवायचा नसतो, टेबलावर ठेवायचा नसतो. हातातून हातात. नियम मीच तुला शिकवला, तू तेव्हा सात वर्षांचा होतास. तर आणता आला तर आण, नाहीतर तुझ्या बॅगेतच राहू दे. मला मधला मार्ग नको.

भाऊबीज २३ तारखेला गुरुवारी आहे. हे मी फक्त माहिती म्हणून लिहिलं.

ताई

२३ ऑक्टोबर २०२५, सकाळ

केदार,

हे पत्र टपालात पडणार नाही. हातांना काम हवं म्हणून लिहिते आहे.

परवा संध्याकाळी मी बामौरच्या फाटकाला रंग देत होते. मोबाइल वाजला. दोनदा वाजून बंद पडला. पाहिलं तर तुझं नाव. मला वाटलं चुकून लागला असेल, किंवा तू फोन लावून घाबरलास. परत लावायला बटण दाबणार तेवढ्यात हात थांबला.

दोन घंट्या.

किती वेळ फोन हातात धरून बसले होते ते सांगत नाही. ब्रश फाटकावरच वाळला, नवा घ्यावा लागेल. मग तुझा नंबर लावला, कानाला धरला, दोनदा वाजू दिला आणि बंद केला. या वेळी खरं उत्तर दिलं. आहे, ये.

काल दिवसभर काही नाही. मी टेबलाखाली जाऊन तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. पिवळी तार ओढली नाही.

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एक. दोन. तीन. बंद. नोंदवही काढली आणि २०१९च्या रेघेखाली लिहिलं, ६.१०, तीन घंट्या.

भोकासमोरची लाल पाटी काढली आहे. जौऱ्याच्या गाडीची धूळ झाडली, पण हलवली नाही, ती तू हलवायची. बोलायचं काय ते ठरवलेलं नाही. तू ओरडायला येतो आहेस की काय, तेही ठाऊक नाही. ओरडलास तर ऐकेन, मध्ये बोलणार नाही, एवढं मात्र ठरवलं आहे.

आत्ताच मंदाताई खालून हाक मारत होत्या, चकल्यांचा डबा घेऊन. "सुधा, अगं दार खोल ना!" मी खिडकीतून सांगितलं, "मंदाताई, डबा पायरीवर ठेवा. आज मी जागेवरून हलणार नाही. गाडी येते आहे."

"कोणती गाडी?" म्हणाल्या.

सेक्शनमध्ये तुझी गाडी आहे, केदार. तू पोहोचेपर्यंत मला दुसरं काही सोडता येत नाही. चार घंट्या द्यायला सायकलची घंटी समोर पुसून ठेवली आहे. अंगठी आणि सुपारी तबकात आहेत. बटवा रिकामा आहे, मी दोनदा पाहिला.